झोपेचा दर

सकाळी साडेनऊला आमच्या गल्लीत भाजीची गाडी येते. गाडीवाल्याचा आवाज असा, की वर्धा रोडवरून जाणाऱ्यालाही मेथीचा भाव कळावा. पण शेजारच्या फाटकापाशी आला की तो भोंगा बंद करतो. तिथल्या काकू ओट्यावर तोंडावर बोट ठेवून उभ्या असतात. आत मुलगा झोपलेला असतो. खिडकीला काळा पडदा, पडद्यामागे जुनं ब्लँकेट खिळ्यांनी ठोकलेलं, मे महिना असेल तर कूलर धडधडतोय आणि काकू कूलरच्या टाकीत पाणी घालतात तेही लोट्यानं, आवाज न करता.

मुलगा पायलट आहे. म्हणजे कोपायलट; कंपनीच्या भाषेत फर्स्ट ऑफिसर. बेस मुंबई. महिन्यातून दोनदा-तीनदा सुट्ट्या जोडून तो घरी येतो आणि आला की पहिला दिवस नुसता झोपतो. सोनेगावचं विमानतळ आमच्या घरापासून इतकं जवळ, की उतरणाऱ्या विमानाची चाकं खाली आलेली गच्चीवरून दिसतात. लहानपणी तो गच्चीवरच असायचा. आता विमानाचा आवाज आला की कूस बदलतो, एवढंच.

"पगार किती रे तुझा?" असं मी त्याला एकदा विचारलं. नागपुरात हा प्रश्न कोणीही कोणालाही विचारतो आणि कोणी रागावत नाही.

"काका, पगार नका विचारू. तास विचारा न."

मग त्याने टीपॉयवरची एक लग्नपत्रिका उचलली आणि पाकिटाच्या मागे हिशेब मांडला. चार सेक्टरचा दिवस; सेक्टर म्हणजे एक उड्डाण. प्रत्येक सेक्टर साधारण दीड तासाचा, म्हणजे सहा तास. हे ब्लॉक अवर्स: चाकांखालचे अडथळे काढून विमान हललं की घड्याळ सुरू, पुढच्या गावी विमान थांबून अडथळे लावले की बंद. पहिल्या उड्डाणाच्या तासभर आधी हजेरी, मध्ये तीनदा चाळीस-चाळीस मिनिटं जमिनीवर, शेवटी कागदपत्रांची अर्धा तास आवराआवर. "झाले साडेनऊ तास," तो म्हणाला. "आणि समजा विमानच दोन तास उशिरा आलं. मी युनिफॉर्म घालून गेटपाशी बसून राहिलो. साडेअकरा तास. उडण्याचे तास किती? सहाच."

मूळ पगार वेगळा, भत्ते वेगळे. पण पायलटच्या हातात येणाऱ्या रकमेचा मोठा हिस्सा या उडण्याच्या तासांचा. महिन्याला अमुक तासांचे पैसे मिळणारच, मग उडव अथवा नको उडवू, अशी एक हमी करारात असते. ही हमी किती तासांची, यावर गेल्या काही वर्षांत या देशात जेवढं रण माजलं, तेवढं मूळ पगाराच्या आकड्यावरही माजलं नसेल.

हमी सत्तर तासांची असेल आणि तुम्ही पन्नास तास उडालात, तर पैसे सत्तरचे. हमी चाळीसची असेल तर पैसे पन्नासचे. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक जादा तास खिशात येतो आणि प्रत्येक तासाची विश्रांती खिशातून जाते. माणसाची झोप आणि माणसाचा पगार एकमेकांसमोर कुस्तीला उभे करायचे, तर याहून सोपी युक्ती नाही. पायलटांच्या संघटना गेली पंधरा-वीस वर्षं कधी पगारासाठी, कधी विश्रांतीसाठी भांडतात असं आपण पेपरात वेगवेगळ्या पानांवर वाचतो. मला ते एकच भांडण वाटतं.

नागपूर या भांडणात कुठे बसतं? कोणत्याही पायलट संघटनेचं मुख्यालय इथे नाही. संप झाले ते मुंबईत आणि दिल्लीत. पण विमान आणि रात्र या दोन गोष्टींची गाठ या देशात नीट बांधली गेली ती आमच्या सोनेगावात. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी चार डकोटा विमानं निघायची, मध्यरात्रीनंतर नागपुरात एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परतायची. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. झिरो माइलच्या दगडाचं आम्हाला उगाच कौतुक. देशाचं केंद्र असल्याचा खरा उपयोग कोणी केला असेल तर तो या टपालवाल्यांनी. त्याची किंमतही मोजली गेली. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री इंडियन एअरलाइन्सची डकोटा इथून उडताच कोसळली. चौदापैकी तेरा माणसं गेली, वाचला तो वैमानिक. रात्री दोन ते चार या वेळेत शरीर काय मागत असतं, हे त्या काळात नियमांच्या पुस्तकात कोणी फारसं लिहिलं नव्हतं.

सत्तर वर्षांनी, १७ ऑगस्ट २०२३ ला दुपारी नागपूर विमानतळाच्या बोर्डिंग गेटपाशी इंडिगोचा एक चाळिशीचा कॅप्टन कोसळला. पुण्याचं विमान घेऊन तो निघणार होता. रुग्णालयात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आदल्या दिवशी पहाटे तीन ते सात या वेळेत त्याने तिरुवनंतपुरम–पुणे–नागपूर अशी दोन उड्डाणं केली होती. मग सत्तावीस तासांची विश्रांती. आणि त्या दिवशी चार सेक्टर, त्यातला हा पहिला. सगळं नियमात बसत होतं. त्या मृत्यूचा संबंध थकव्याशी जोडायला आधार नाही आणि मी तो जोडणार नाही. पण त्या बातमीतले "पहाटे तीन ते सात" हे चार शब्द वाचून शेजारच्या काकू दोन दिवस जेवल्या नव्हत्या, हे मला माहीत आहे. तोवर मुलगा काय करतो असं विचारलं तर त्या "विमान चालवतो" असं सांगायच्या. त्यानंतर त्यांनी रोस्टर वाचायला शिकून घेतलं.

आता थोडं मागे जायला हवं, कारण "लाखांत पगार घेतात आणि संप कसला करतात?" हा जो प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओठांवर असतो, माझ्याही होता, तो जुना आहे.

डिसेंबर १९९२. इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप. त्यांची संघटना इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन, आयसीपीए. नागरी विमान वाहतूक मंत्री माधवराव शिंदे, ग्वाल्हेरचे. पंतप्रधान नरसिंह राव, जे आमच्या रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेले होते. सरकारनं वाकायचं नाही असं ठरवलं आणि उझबेकिस्तानातून विमानं माणसांसकट भाड्याने आणली. ९ जानेवारी १९९३ ला त्यातलं एक तुपोलेव हैदराबादहून येऊन दिल्लीच्या धुक्यात उतरताना उलथलं, पेटलं. आतली सगळी १६५ माणसं वाचली, याला दैवच म्हणायचं. माधवरावांनी राजीनामा दिला. संप मोडण्यासाठी आणलेल्या विमानानं मंत्र्याचं पद घेतलं. अपघाताची जबाबदारी घेऊन पायउतार होणारे मंत्री आपल्याकडे बोटावर मोजण्याएवढे, म्हणून ते नाव अजून निघतं.

नंतरचं मोठं प्रकरण विलीनीकरणाचं. २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, तेव्हा मंत्री होते प्रफुल्ल पटेल, गोंदियाचे. गोंदियाजवळच्या बिरसीला धावपट्टी सुधारली, वैमानिक घडवणारी संस्था आली, तेही त्यांच्याच काळात. विदर्भातली किती तरी पोरं तिथे उडायला शिकली. पण विलीनीकरण कागदावर झालं आणि पगारपत्रकं दोनच राहिली. एकाच कंपनीचे, एकाच गणवेशातले पायलट. पण मूळचा इंडियन एअरलाइन्सवाला आणि मूळचा एअर इंडियावाला यांचे दर वेगळे, भत्ते वेगळे, बढतीची रांग वेगळी. लग्न लागलं, पण दोन्ही सुनांची चूल वेगळी, आणि कोणाच्या चुलीवर तूप जास्त यावरून रोज धुसफूस.

२०११ च्या एप्रिलअखेर आयसीपीएने समान वेतनासाठी संप केला, दहा दिवस. व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढली, उच्च न्यायालयाने अवमानाची नोटीस काढली. गुंता सोडवायला निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती बसली. तिचा अहवाल आला आणि पुढच्याच वर्षी, मे २०१२ मध्ये, दुसरी संघटना उठली: इंडियन पायलट्स गिल्ड, मूळच्या एअर इंडियावाल्यांची. त्यांचं म्हणणं, नव्या ड्रीमलायनर विमानांचं प्रशिक्षण आधी आम्हाला. इंडियन एअरलाइन्सवाल्यांना दिलं तर आमची कॅप्टनकी मागे पडते. अठ्ठावन्न दिवस. शंभरावर वैमानिक बडतर्फ. कंपनीचं काही शे कोटींचं नुकसान. शेवटी न्यायालयात शब्द देऊन माणसं कामावर परतली.

त्या अठ्ठावन्न दिवसांत "संप" हा शब्द वैमानिकांनी वापरला नाही. ते आजारी होते. शेकडो माणसं एकदम आजारी. ज्या ड्रीमलायनरवरून हे झालं, ती विमानं पुढे नागपूरच्याच मिहानमधल्या हँगरमध्ये देखभालीला येऊ लागली. वर्धा रोडवरून जाताना त्यांची शेपटी दिसली की मला अजूनही ती "आजारपणाची साथ" आठवते.

खाजगी कंपन्यांत संघटना नावाची वस्तूच नव्हती. २००८ च्या ऑक्टोबरात जेट एअरवेजने नोकरीवरून काढलेली पोरंपोरी मुंबईत राज ठाकरे यांच्या दारात गेली होती. दुसऱ्या दिवशी नरेश गोयल यांनी त्यांना परत घेतलं. गळ्यात स्कार्फ बांधलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या मुली शिवाजी पार्कात न्याय मागायला उभ्या आहेत, हे चित्र मराठी माणसाला सुखावून गेलं खरं. पण ज्या कामगाराला युनियन नाही, तो शेवटी कोणाच्या दारात जातो, याचंही ते चित्र होतं. वर्षभरातच जेटच्या वैमानिकांनी स्वतःची संघटना काढली, नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड. कंपनीने दोघांना काढलं. सप्टेंबर २००९ मध्ये चारशेच्या आसपास वैमानिक पाच दिवस "आजारी" पडले आणि काढलेले परत आले.

पुन्हा आजारपणच. असं का?

कारण कायद्याची वाट चिंचोळी आहे. महाराष्ट्रात कामगार संघटनांना मान्यता देणारा १९७१ चा कायदा आहे. गिरणीतल्या, कारखान्यातल्या लोकांना तो तोंडपाठ असायचा. पण विमान वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत, त्यामुळे तो कायदा इथे लागू नाही. केंद्राच्या कायद्यात मालकाने अमुक संघटनेशी बोललंच पाहिजे असं बंधन वर्षानुवर्षं नव्हतं. अमेरिकेत डेल्टाच्या वैमानिकांनी मार्च २०२३ मध्ये करार करून चार वर्षांत ३४ टक्के वाढ मिळवली, ती वाटाघाटीच्या टेबलावर, संघटनेच्या मतदानाने. आपल्याकडे टेबलच नव्हतं, म्हणून मग डॉक्टरचं सर्टिफिकेट.

शिवाय आपल्याकडच्या कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्षाची नोटीस, कोपायलटला सहा महिन्यांची. हा २०१७ चा सरकारी नियम. भाडेकरूलाही घर सोडायला एवढा वेळ लागत नाही. ज्याच्या शिक्षणावर बापानं शेत गहाण टाकलंय, पन्नास लाखांपासून कोटीच्या घरातलं कर्ज डोक्यावर आहे, तो वर्षभर नोटिशीवर बसून मालकाशी भांडणार कसा? पायलटच्या पगाराकडे बघताना आपण वरचा आकडा बघतो. हप्ता बघत नाही.

आणि एक युक्ती मला फारच नामी वाटली. एप्रिल २०२३ मध्ये टाटांकडे गेलेल्या एअर इंडियाने वैमानिकांपुढे नवे करार ठेवले. त्यात हमीचे तास चाळीस. महामारीच्या आधी ते सत्तर होते. आणि चार वर्षं कॅप्टनकी झालेल्याला "सीनियर कमांडर" ही पदवी, म्हणजे व्यवस्थापनात बढती. व्यवस्थापनातला माणूस कामगार नाही आणि कामगार नाही तो युनियनमध्ये नाही. अनुभवी, बोलकी, नियम जाणणारी माणसं एका बढतीच्या पत्रानं संघटनेबाहेर. आयसीपीए आणि इंडियन पायलट्स गिल्ड, ज्या २०११–१२ मध्ये एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या, त्या या वेळी एकत्र आल्या. दीड हजारावर वैमानिकांच्या सह्यांचा अर्ज थेट रतन टाटा यांच्याकडे गेला. त्या अर्जाचं पुढे काय झालं हे विचारल्यावर शेजारचा मुलगा हसला. "काका, सगळ्यांनी शेवटी सही केली न. हप्ते कोण भरेल?"

एप्रिल २०२४ मध्ये विस्तारा कंपनीचे वैमानिक याच चाळीस-सत्तरच्या हिशेबावरून मोठ्या संख्येने "आजारी" पडले. कंपनी एअर इंडियात विलीन होणार होती आणि नव्या करारावर सही करा असं सांगितलं जात होतं. दिवसाला पंचवीस-तीस उड्डाणं कमी करावी लागली.

याच सुमारास दुसऱ्या आघाडीवर संघटना जिंकल्या होत्या, किंवा तसं वाटत होतं. ८ जानेवारी २०२४ ला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कामाच्या वेळेचे नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती छत्तीस तासांऐवजी अठ्ठेचाळीस. रात्र म्हणजे मध्यरात्र ते पहाटे पाच नव्हे, सहा. आणि रात्रीच्या ड्यूटीत विमान उतरवायचं ते सहा वेळा नव्हे, दोनच वेळा. हा शेवटचा नियम मोठा. पहाटे चारला दमलेल्या डोळ्यांनी तिसऱ्यांदा, चौथ्यांदा धावपट्टी शोधायची नाही. नियम १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी हात वर केले, तारीख पुढे गेली, संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. अखेर दोन टप्पे ठरले: बरेचसे नियम १ जुलै २०२५ पासून, रात्रीचे उरलेले १ नोव्हेंबर २०२५ पासून.

पुढचं नागपूरकरांनी डोळ्यांनी पाहिलं. २ डिसेंबर २०२५ पासून देशातली सगळ्यात मोठी कंपनी, जिच्याकडे साठ टक्क्यांहून जास्त देशांतर्गत उतारू, ती इंडिगो कोसळू लागली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द. आणि ८ डिसेंबरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथे सुरू व्हायचं होतं. हे दिवस म्हणजे मुंबईतून सचिव, आमदार, पत्रकार, फायली आणि आचारी यांनी नागपूरकडे निघायचे. ज्यांना जमलं त्यांनी समृद्धी महामार्ग धरला, बाकीचे रेल्वेच्या वेटिंग लिस्टवर ओळखी शोधत बसले. हुरडा आणि मोर्चे यांच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या आठवड्यात रामगिरी आणि रविभवन या सरकारी निवासस्थानांच्या लॉनवर कधी नव्हे ते पायलटांच्या झोपेवर चर्चा झाली.

नियम जवळजवळ दोन वर्षं आधी माहीत होते. वैमानिकांच्या महासंघाने तेव्हाच बोट ठेवलं: कंपनीनं भरती थांबवली, पगार गोठवले, एकमेकांची माणसं न उचलण्याचे समझोते केले. म्हणजे विश्रांतीचा नियम आला, पण ती विश्रांती देण्यासाठी लागणारी जादा माणसं आणली नाहीत. त्याचा निकाल काय लागला? नियामकाने इंडिगोला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. रजेला आठवड्याची विश्रांती म्हणून धरू नये हे कलम तर सगळ्यांसाठीच मागे घेतलं. आणि कंपनीने जानेवारीपासून बाहेरगावच्या मुक्कामाचे आणि रात्रीचे भत्ते वाढवले.

मागितली होती झोप, मिळाला भत्ता. मी हे वाक्य शेजारच्या मुलाला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "भत्ता वाईट नाही काका. पण पहाटे चारला भत्ता डोळे उघडे ठेवत नाही."

या गोंधळाच्या दहा-बारा दिवस आधी, २१ नोव्हेंबर २०२५ ला, नव्या कामगार संहिता लागू झाल्या होत्या. बातमी आतल्या पानावर गेली. त्यात संघटनांच्या हाती एक गोष्ट आली आणि एक गेली. ज्या संघटनेकडे ५१ टक्के कामगार, तिच्याशी मालकाने वाटाघाटी करायच्या, हे पहिल्यांदाच केंद्राच्या कायद्यात आलं. आणि निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली तर तो संप धरायचा, हेही आलं. आजारपणाच्या रजेचं काय, याचा काथ्याकूट वकील करतील. पण पहिल्या कलमाचा फायदा घ्यायला संघटना हवी. सर्वांत मोठ्या कंपनीत ती नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये पगारकपातीवरून संपाची कुजबुज करणाऱ्या काही वैमानिकांना त्याच कंपनीने निलंबित केलं होतं, हे नव्या पोरांना चांगलं ठाऊक आहे.

"तुम्ही का नाही काढत?" मी विचारलं.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "कमांड यायची आहे अजून. दीड-दोन वर्षं. तोवर तोंड बंद." कोपायलटचा कॅप्टन होणं म्हणजे कमांड. कॅप्टन झाल्यावर नोटीस वर्षाची. आणि पुढे कधी सीनियर कमांडर झालाच, तर तो व्यवस्थापन. बोलायची वेळ नेमकी कधी येते, याचा हिशेब त्यानं लग्नपत्रिकेवर मांडला नाही.

ऑगस्टच्या शेवटी तो घरी होता तेव्हा सप्टेंबरचं रोस्टर आलं. फोन टिंग वाजला आणि काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण म्हणजे दिवाळीपेक्षा मोठं. सोळा भाज्या, पुरण, आंबिल, आणि मुलगा घरात हवा. त्यानं बोट सरकवत आधी रात्रीच्या लँडिंग मोजल्या, मग तास, मग तारखा.

"जेवणाच्या दिवशी काय आहे?"

"स्टँडबाय."

काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. "स्टँडबाय पगारी का बिनपगारी?"

"फोन आला तर पगारी."

"आणि नाही आला तर घरी?"

"घरी म्हणजे मुंबईत, आई. विमानतळाजवळ."

त्यांनी पेन ठेवलं, पेन्सिल घेतली आणि त्या चौकटीत फिकट अर्धी फुली मारली.